डाव्या पायातलं जोडवं

रहिमतपूरच्या नाथाजी हवालदारांची सून मिरजेला नर्स व्हायला निघाली, तेव्हा आळीतल्या बायकांना पंधरा दिवस दुसरा विषय सुचला नाही. घरची पाण्याखालची जमीन, दारात बैलजोडी, आणि मराठ्याची सून परक्या माणसांची घाण काढायला जाणार म्हणजे काय! पहिल्या महायुद्धात नाथाजी बसऱ्यापर्यंत जाऊन आले होते. तिथल्या तंबूतल्या दवाखान्यात दोन महिने पडून होते, आणि आपल्याला पाणी पाजणाऱ्या बाईची जात विचारायची तेव्हा आपल्याला शुद्ध नव्हती, हे ते कधी विसरले नाहीत. सुनेला ते एवढंच म्हणाले, "पोरी, नुसतं बसून वाट बघन्यापरीस काम करता करता बघ. दिस तरी सरत्यात."

वाट मानसिंगची होती, नाथाजींच्या थोरल्या लेकाची, बनुबाईच्या नवऱ्याची. सिंगापूर पडलं त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. पलटणीच्या कचेरीतून एकच कागद आला होता आणि त्यात मानसिंग बेपत्ता असल्याचं लिहिलं होतं. मेला असं लिहिलं नव्हतं, जिवंत आहे असंही नव्हतं. त्या कागदाची घडी घालून घालून आता तो चार ठिकाणी फाटला होता.

सासूचं, चंद्राबाईंचं, दुःख बोलकं नव्हतं. रोज सकाळी बनुबाई चुलीपाशी आली की चंद्राबाई आधी तिच्या पायांकडे बघायच्या आणि मग तोंडाकडे. दोन्ही पायांत जोडवी दिसली की त्यांचा दिवस सुरू व्हायचा. सून मिरजेच्या गाडीत बसली तेव्हा त्यांनी डब्याच्या खिडकीतून तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "काय बी कर बाई, पर पायातलं काढू नगंस. त्येवढं माझ्यासाटनं संबाळ." बनुबाईनं मान हलवली. हे सांगायची गरजच नव्हती, कारण तिचाही जीव त्याच दोन चांदीच्या वेढ्यांत अडकला होता.

त्याआधी इस्पितळाची एक अट पुरी करावी लागली होती. बाईला इंग्रजी लिहिता-वाचता आलं पाहिजे. मुख्य डॉक्टर अय्यंगार मद्रासकडचे. त्यांना मराठीचा गंध नव्हता. कुणाला ताप किती, कुणाच्या जखमेला पू आला का, हे त्यांना नर्सनं लिहून ठेवलेल्या वहीतूनच कळायचं. बनुबाई मराठी सातवी पास होती, पण इंग्रजीच्या नावानं पाटी कोरी. मग नाथाजींनी आप्पासो मास्तरांचे पाय धरले. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. दुपारी ते सोप्यात बसून शिकवायचे आणि मास्तरीणबाई शेजारी तांदूळ निवडत बसायच्या, म्हणजे गावाला बोलायला जागा नको.

बनुबाई चलाख होती. एकाचं अनेक करायचं तर शेवटी 'स' लावायचा, हे ऐकून ती हरखलीच. मराठीपेक्षा किती सोपं! बुक-बुक्स, कप-कप्स, बेड-बेड्स. घरातल्या भांड्याकुंड्यांना, खुंट्या-दोरांना तिनं दोन दिवसांत 'स' लावून टाकला. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी दुसरी यादी काढली. बाई, माणूस, पोर, पाय, दात. यांना तो नियम नाही. हे आतून बदलतात, नाहीतर शेपूट तरी वेगळंच घेतात.

"आसं का वं मास्तर?" बनुबाईनं वैतागून विचारलं. "कपबशीला नेम हाय आन् मान्साला न्हाई?"

मास्तर हसले. "जे शब्द रोज तोंडात येतात ते झिजतात, बाई. उंबऱ्यासारखे. फार वापरातल्या शब्दांचा जुना आकार राहून जातो, त्यांना नवा नियम चिकटत नाही. ते पाठच करावे लागतात." बनुबाईनं पाठ केले. पण घाईत लिहायला बसलं की हात आपसूक 'स' लावून मोकळा व्हायचा, कारण नियम हाताला कळला होता आणि अपवाद फक्त डोक्याला.

मिरज स्टेशनच्या अलीकडचं ते वीस खाटांचं इस्पितळ आता तिथं नाही. त्या वेळी त्याच्या दारात चिंच होती आणि व्हरांड्यात मेट्रन पिंटोबाईंचं टेबल होतं. पिंटोबाई बेळगावकडच्या. मराठी बोलायच्या, पण सगळ्यांना सारख्याच कडक आवाजात. त्यांच्याकडे एक लाल पेन्सिल होती आणि तिला सगळा नर्सवर्ग डॉक्टरांपेक्षा जास्त भ्यायचा. नव्या बायका तीन महिने उमेदवारीवर असायच्या. तीन महिने नीट गेले तर मेट्रन निळ्या काठाचं लुगडं द्यायच्या आणि बाई नर्स म्हणून पक्की व्हायची. नाही गेले तर परतीचं तिकीट.

बनुबाईचे हात कामाला वाघ होते. जखम धुताना ती नाक मुरडत नसे, म्हाताऱ्यांना भरवताना घाई करत नसे. पण वहीत तिची फजिती व्हायची. दुसऱ्या महिन्यात एकदा तिनं लिहिलं की दोन 'चाइल्ड्स' रडताहेत, म्हाताऱ्याला 'टूथ्स' नाहीत म्हणून पेज दिली, आणि सात नंबरच्या बाईचे दोन्ही 'फूट्स' गार आहेत. पिंटोबाईंनी ते पान चहाच्या वेळी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. डॉक्टर अय्यंगार इतके हसले की बशीत चहा सांडला. शिकलेल्या नर्सा तर खुर्च्या धरून हसल्या. त्या सगळ्या हसण्यात एकाच्याही लक्षात आलं नाही की सात नंबरच्या बाईचे पाय गार पडल्याचं बनुबाईशिवाय कुणी बघितलंच नव्हतं.

त्या दिवसापासून तिचं नाव 'फूट्सबाई' पडलं. "काय फूट्सबाई, दमल्या का?" असं व्हरांड्यातून जाता-येता कुणीतरी म्हणायचं. मेट्रननं चुकलेला प्रत्येक शब्द पन्नास वेळा लिहायला सांगितला. बनुबाईनं शंभर वेळा लिहिला. रडत लिहिला, दात आवळून लिहिला, आणि त्यानंतर तिच्या हातून तो शब्द पुन्हा चुकणं शक्य नव्हतं. वहीला मात्र ती बिचकू लागली. जिथं दोन ओळी लिहायच्या तिथं एक लिहायची, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. पुढं जे घडलं ते समजायला हे ध्यानात ठेवायला हवं.

उमेदवारीचा शेवटचा आठवडा लागला. बुधवारी सकाळी दहाच्या गाडीनं पूर्वेकडच्या माळावरनं एका धनगराच्या बाईला आणलं. नाव हरणाबाई. वय पंचविशीच्या आतबाहेर. मेंढरांच्या वाडग्याला आग लागली होती. वाडगं म्हणजे काट्याकुट्याचं कुंपण, चैत्रातलं वाळलेलं, भडकायला वेळ लागत नाही. आत कोकरं कोंडली होती. ही अनवाणी निखाऱ्यांवरून आत-बाहेर करत राहिली, अकरा कोकरं काढली, बारावं काढताना पडली. दोन्ही तळवे भाजून निघाले होते. तिचा भाऊ बाळासो तिला पाठुंगळी घेऊन आला होता.

डॉक्टरांनी तळवे तपासले, मलमाची पट्टी सांगितली. पायांच्या बोटांत चांदीची जाडजूड जोडवी होती. पाय सुजायला लागले होते. डॉक्टरांनी बोटानं दाखवून इंग्रजीत सांगितलं आणि मेट्रननं बनुबाईला मराठीत समजावलं, "सूज अजून वाढणार. ही कडी संध्याकाळच्या आत निघाली पाहिजेत. साबण लाव, तेल लाव. नाहीच निघाली तर वहीत लिही, डॉक्टर कापून काढतील. आता पट्टी दोन दिवस सोडायची नाही, म्हणून आजच. समजलं?"

"व्हय, समजलं," बनुबाई म्हणाली. तिला सगळं समजलं होतं.

दुपारी तिनं पाण्याचं भांडं आणि साबण घेऊन हरणाबाईच्या पायाशी बसकण मारली. बोटाला हात लागला मात्र, हरणाबाईनं भाजलेले पाय पोटाशी ओढून घेतले. वेदनेनं तिचं तोंड वाकडं झालं, तरी ती पाय सोडेना.

"नगा वं बाई, पाया पडते. त्येवढं नगा काढू."

"आगं, सूज आली हाय. बोटं आवळत्यात. बरी झालीस की परत घाल."

"माझा मालक लडाईत हाय," हरणाबाई म्हणाली. "धुळा नाव त्येंचं. पलटनीत खेचरं संबाळत्यात. कंच्या मुलखात हायती ते बी ठावं न्हाई. मी हितं पायातलं काढलं आन् तिकडं त्येंचं काय वाईट झालं तर? मला तोंड दाखवाय जागा ऱ्हाईल का? त्या डाक्टराला सांगू नगा. तुमी बाईमानूस हाय, तुमाला कळतंय."

बनुबाईला कळत होतं, आणि सगळा घोळ तिथंच झाला. दुसरी कुणी असती तर रागावली असती, दोन माणसं बोलावून पाय धरले असते, नाहीतर सरळ मेट्रनला सांगितलं असतं. बनुबाईनं स्वतःचे पाय लुगड्याच्या घोळात आत ओढले. तिला गाडीची खिडकी दिसली आणि सासूचा हात. हिची जोडवी मी माझ्या हातानं उतरवायची? आणि उद्या हिच्या नवऱ्याचं काही कानावर आलं तर? आणि हे पाप फिरून माझ्याच कुंकवावर आलं तर? असं सगळं एका दमात तिच्या मनात येऊन गेलं. बोट दाबून पाहिलं तर अजून तांबूस होतं, गार नव्हतं. होईल कमी सूज, तिनं स्वतःला सांगितलं. पट्टीचे दोन वेढे तिनं जास्तीचे घेतले आणि जोडव्यांवरून बोटं झाकून टाकली.

हरणाबाईनं तिच्या हाताची बोटं आपल्या कपाळाला लावली. "देव तुमचं कुक्कू राकील," ती म्हणाली. त्या शब्दांनी बनुबाईचा उरलासुरला विचारही थांबला.

पाळी संपताना ती वहीपुढे बसली. 'दोन्ही पायांना पट्टी बांधली, पायातली कडी निघाली नाहीत', एवढंच लिहायचं होतं. शब्द तोंडात होता, शंभर वेळा लिहिलेला. टाक दौतीत बुडवून ती बराच वेळ बसली आणि मग लिहिलं, भाजल्याची पट्टी बांधली, रोगी शांत आहे. त्यात खोटं काही नव्हतं. तेच वाईट होतं. डॉक्टरांनी संध्याकाळी ते वाचलं आणि कडी निघाली असंच ते धरून चालले.

गुरुवारी तिला बाहेरच्या रोग्यांकडे काम होतं. दोनदा तिनं दारातून डोकावून पाहिलं. हरणाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. दुखतं का विचारलं तर म्हणाली, "भाजल्यालं दुकायचंच की वं." बनुबाईला ते ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज तिला आयुष्यभर पुरली.

शुक्रवारी सकाळी वास आला. पिंटोबाईंनीच पट्टी सोडली. उजवा पाय भोपळ्यासारखा सुजला होता, पण बोटांत अजून रंग होता. डाव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट जोडव्याच्या पुढं काळं पडलं होतं आणि त्याच्या शेजारच्यानं काळपट रंग धरला होता. मेट्रननं डॉक्टरांना बोलावलं, डॉक्टरांनी पाहिलं आणि वही मागवली.

"बुधवारी कडी काढायला सांगितली होती," मेट्रन बनुबाईकडे वळल्या. "निघाली नाहीत तर लिहायला सांगितलं होतं. का नाही लिहिलं?"

बनुबाई उभी होती. सगळा वॉर्ड तिच्याकडे बघत होता. तिच्या ओठांवर खरं कारण आलं होतं, तेवढ्यात मागून कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "पाय लिहावा लागला असता ना. फूट्सबाई घाबरली असेल."

या वेळी कुणी हसलं नाही. पिंटोबाईंचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी वहीकडे पाहिलं, मग आपल्या टेबलावरच्या लाल पेन्सिलीकडे पाहिलं, आणि डॉक्टरांशी इंग्रजीत बोलल्या. बनुबाईला सगळं कळलं नाही, पण 'माझी चूक' एवढं कळलं. मी हिला सगळ्यांसमोर हसले, म्हणून ही लिहायला भ्याली, असं त्या सांगत होत्या. डॉक्टरांनी वही मिटली. चहा सांडेपर्यंत हसलेले तेही होतेच.

बनुबाईपुढं सुटकेचं दार आपोआप उघडलं होतं आणि ती त्यातून निघून गेली. शब्द येत नव्हता म्हणून राहून गेलं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. तिनं फक्त नाही म्हटलं नाही.

डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागणार हे ठरलं. उजव्याचं जोडवं या घटकेला कापायला हवं होतं, नाहीतर तोही पाय त्याच वाटेनं गेला असता. पण हरणाबाई ऐकेना. ताप चढला होता, डोळे लाल झाले होते, तरी ती पाय आवळून धरून ओरडत होती, "मला मारून टाका, पर हात लावू नगा! माझ्या मालकाच्या जिवावर उठलाय तुमी!" डॉक्टरांनी दोन गडी बोलावले. एकानं खांदे धरले. भाजलेले पाय कसे धरायचे ते दुसऱ्याला कळेना.

तेव्हा बनुबाई पुढं झाली आणि खाटेपाशी फरशीवर बसली. तिनं उजवा पाय पुढं घेतला आणि बोटातलं जोडवं फिरवून ओढलं. सहा वर्षं ते तिथं होतं, लग्नात भामाबाई कासारणीनं घातलेलं. खाली कातडीवर पांढरा वळ पडला होता. मग तिनं डाव्या पायातलंही काढलं. ते हातातून निसटून खाटेखाली गेलं आणि तिला वाकून शोधावं लागलं. दोन्ही जोडवी तिनं हरणाबाईच्या मुठीत कोंबली.

"माझाबी तिकडंच हाय," ती म्हणाली. "सिंगापुरात. दोन वरसं झाली, कागुद न्हाई. ही माझी तुज्यापशी ठेव. तुजी काडली की एका गाठीत बांधू. जे काय हुईल ते दोगींचं एक हुईल."

हरणाबाई ओरडायची थांबली. तिनं मूठ उघडून पाहिली, बनुबाईच्या मोकळ्या पायांकडे पाहिलं. मग तिनं आपण होऊन उजवा पाय पुढं केला आणि तोंडावर पदर घेतला. डॉक्टरांनी तार कापायच्या पकडीनं जोडवं कापलं. डाव्या पायातलं बोटासकट जायच्या आधी बनुबाईनं तसंच कापून सोडवून घेतलं. कापलेली दोन आणि स्वतःची दोन, चारही तिनं हरणाबाईच्या पदराच्या टोकाला गच्च बांधली.

उजवा पाय वाचला. सगळ्या इस्पितळात बनुबाईचं नाव झालं. ज्या नर्सा तिला चिडवायच्या त्याच आता तिला चहा आणून देऊ लागल्या. शनिवारी सकाळी पिंटोबाईंनी तिला टेबलापाशी बोलावलं आणि निळ्या काठाचं लुगडं तिच्या हातावर ठेवलं. "तुझ्या इंग्रजीची काळजी करू नको," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या कडक आवाजात कधी नव्हे तो ओलावा होता. "चुकलं तरी लिहीत जा. मी हसणार नाही. माझ्यामुळं त्या बाईची बोटं गेली, हे मी विसरणार नाही."

लुगडं हातात घेऊन बनुबाई वॉर्डात आली. तिला वाटलं होतं की आनंद होईल. तिथं हरणाबाई गुंगीतून जागी होत होती आणि डावा पाय उशीवर ठेवलेला होता. बाहेर व्हरांड्यात एक पन्नाशीची बाई स्वतःला दोष देत बसली होती, आणि तो दोष तिचा नव्हता. हसल्या होत्या त्या, हे खरंच. पण त्या हसण्यानं बनुबाईचा हात धरला नव्हता. हात तिचा तिनंच धरला होता.

ती वहीपुढे बसली. मागची पानं उलटून बुधवारची तारीख काढली. 'रोगी शांत आहे' याच्या खाली जागा होती. सावकाश, एकेक अक्षर काढत तिनं इंग्रजीत लिहिलं की दोन्ही पायांतली कडी त्या दिवशी निघाली नव्हती, मी ती पाहिली होती, रोगी नको म्हणाली आणि मलाही ती काढायची नव्हती, म्हणून मी पट्टीखाली झाकली. मला शब्द माहीत होता. खाली तिनं सही केली आणि वही व लुगडं दोन्ही मेट्रनच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

पिंटोबाईंनी सवयीनं लाल पेन्सिल उचलली. ओळींखालून तिचं टोक हळूहळू फिरत गेलं आणि कुठं टेकलं नाही. वाचून झाल्यावर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "हे कुणी विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. बनुबाई म्हणाली, "न्हाई, कुनी न्हाई."

डॉक्टरांचं मत होतं की हिला आजच्या गाडीनं घरी पाठवावं. पिंटोबाई त्यांच्या खोलीत अर्धा तास होत्या. बाहेर आल्या त्या लुगडं कपाटात कुलपात टाकायलाच. "उमेदवारी पुन्हा पहिल्या दिवसापासून," त्यांनी सांगितलं. "तीन महिने. आणि त्या बाईचं ड्रेसिंग रोज तूच करायचं." बनुबाईला ही शिक्षा वाटली नाही.

इंग्रजीत लिहिणं सोपं होतं, हे तिला मग कळलं. परक्या भाषेत, परक्या माणसांसाठी. हरणाबाईला तिच्या तोंडावर, तिच्या बोलीत सांगायचं धाडस काही होईना. रोज ती जखम धुवायची, रोज आज सांगू म्हणायची, आणि रोज हरणाबाई म्हणायची, "तुमी हुता म्हनून एक पाय तरी नीट ऱ्हायला, बाई." सव्वा महिना असा गेला.

जायच्या दिवशी बाळासो नव्या वहाणा घेऊन आला. हरणाबाई चिंचेखालच्या कट्ट्यावर बसली, पदराची गाठ दातानं सोडली आणि चारही जोडवी ओटीत घेतली. बनुबाईची दोन तिच्या हातावर ठेवली. आपल्यातलं एक कापलेल्या जागी चिमटून तिनं उजव्या पायात बसवलं. दुसरं हातात घेऊन ती डाव्या पायाकडे वाकली आणि तशीच थांबली. अंगठ्याशेजारी जागाच होती फक्त.

"बाई," तिनं वर न बघता विचारलं, "हे आता कुटं घालू?"

बनुबाई तिच्यापुढं जमिनीवर बसली. "हरणाबाई, म्या तवाच सांगाय पायजे हुतं. त्या बुधवारीच. तू नगं म्हनलीस, पर मला कळत हुतं. डाक्टरानं सांगितलं हुतं, मेट्रननं सांगितलं हुतं. मला ल्याह्याला बी येत हुतं. माझ्या जोडव्यांच्या भ्यानं म्या तुजी बोटं घालवली."

बाळासो झाडाकडे बघत राहिला. हरणाबाईनं जोडवं बोटानं पुसलं, उन्हात धरून बघितलं, पुन्हा पुसलं. बनुबाईला वाटलं, आता ही थुंकेल तोंडावर. थुंकली असती तरी बनुबाईनं पुसलं नसतं.

"म्या नगं म्हनलं हुतं," हरणाबाई शेवटी म्हणाली. "पर म्या आडानी. तुमी न्हवता."

एवढं बोलून तिनं ते जोडवं बनुबाईच्या हातावर, तिच्या दोन जोडव्यांशेजारी ठेवलं. "हे ठिवा तुमच्यापशी. माज्यासारकी आनिक एकादी यील. पाय वडून घील, रडंल. तवा तिला हे दावा, आन् माजा पाय कसा झालाय ते सांगा. माजा मालक आला तर त्येला बी मी हेच सांगन."

भावाच्या खांद्याला धरून, डाव्या टाचेवर जोर देत ती स्टेशनच्या रस्त्याला लागली. ती फाटकाबाहेर जाईपर्यंत बनुबाई तिथंच बसून होती. मग तिनं स्वतःची जोडवी घातली, आधी उजव्या पायात आणि मग डाव्या. तिला घालायला दोन्ही पायांना बोटं होती. तिसरं जोडवं तिनं पदराच्या टोकाला बांधलं आणि अकराच्या ड्रेसिंगची वेळ झाली होती म्हणून ती आत गेली.